न पाजलेलं दूध

प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडे तापीकाठी एक गाव आहे. तिथे जाऊन धुडकू पाटलांच्या थोरल्या सुनेची चौकशी करा. "ती व्हय, जिनी देरना पोऱ्याले दूध नही दिनं ती?" दिराच्या पोराला दूध न देणारी तीच ना, असा उलटा प्रश्न येईल आणि घराकडे बोट दाखवलं जाईल. ममता भल्या पहाटे उठते, एवढ्या घरादाराचा स्वयंपाक उरकते, पपईच्या तोडणीला माणसं कमी पडली तर स्वतः कंबर कसते, सासऱ्याची काठी कुठे ठेवली तेही तिलाच ठाऊक असतं. यातलं काही कोणी सांगणार नाही. गावाला माणसाची एकच गोष्ट लक्षात ठेवायची खोड असते आणि ती गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच असते. उरलेली अर्धी अशी.

ममता दोंडाईचाकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिचा नवरा लखन सुरतेहून नुकताच परतला होता. साड्यांच्या कारखान्यात काही वर्षं काढून त्याने बापाची केळी-पपई अंगावर घेतली होती. माणूस गरीब गाय. बायकोपुढे आवाज चढवायचा नाही आणि आईपुढे तर तोंडच उघडायचं नाही.

पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा सरकारी दवाखान्यात सगळ्या गरोदर बायकांचं रक्त तपासतात तसं ममताचंही तपासलं. मग पुन्हा बोलावलं. मग नंदुरबारला पाठवलं आणि नवऱ्याला सोबत आणायला सांगितलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी आधी खोलीचं दार लोटून घेतलं आणि मग सांगितलं. एचआयव्ही. तिलाही आणि मग तपासणी झाल्यावर लखनलाही. बाहेरच्या बाकड्यावर बसून तिने त्याला एकदाच विचारलं, सुरतेला काही झालं होतं का. लखन फरशीकडे बघत राहिला आणि तिला उत्तर मिळालं. त्या दिवशी जे बोलायचं ते तिने बोलून घेतलं. पुढे तो विषय काढला नाही. माफ केलं म्हणून नव्हे. पोटातल्या जिवाचं आधी बघायचं होतं, भांडायला अख्खा जन्म पडला होता.

समुपदेशक बाई म्हणाल्या, घाबरू नको, तुझं लेकरू निरोगी निपजू शकतं. फक्त सांगते तसं वागायचं. रोज एक गोळी, काही झालं तरी चुकवायची नाही. बाळंतपण दवाखान्यातच. बाळाला जन्मल्याबरोबर औषधाचे थेंब सुरू करायचे, ते काही आठवडे चालतील. आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, घुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही, कारण आईचं दूध आणि वरचं असं एकत्र झालं की धोका वाढतो. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी बोट रोखून आणखी एक बजावलं. तुझं दूध फक्त तुझ्या लेकराला. तुझ्या लेकराला औषधाचं कवच आहे, दुसऱ्याच्या लेकराला नाही. चुकूनसुद्धा पाजायचं नाही.

ममताला वाटलं, हे कशाला सांगतात? दुसऱ्याचं पोर मी कशाला पाजायला जाते? मग तिला घर आठवलं.

कारण त्या घरात दुसऱ्याचं पोर पाजणं ही फुशारकीची गोष्ट होती. सासूबाई, प्रमिलाबाई, तरुणपणी अशा भरल्या अंगाच्या होत्या की गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या दुधावर वाढली. आज मिशा फुटलेले बाप्ये रस्त्यात त्यांच्या पाया पडतात आणि त्या मागे वळून सांगतात, हा माझा दूधलेक. त्यांच्या घराची रीत होती. बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक; तो जड असतो, पोराला बाधतो, म्हणून तो पिळून टाकायचा. पहिले तीन दिवस घरातल्या लेकुरवाळीने, जिचं स्वतःचं पोर गुटगुटीत आहे अशीने, नव्या बाळाला पाजायचं. त्या घरात बाटली कधी आली नव्हती. जावा जावांची पोरं पाजत आल्या होत्या आणि त्यामुळेच घर एकत्र राहिलं, असं प्रमिलाबाईंचं ठाम मत होतं. रीत चुकीची असली तरी त्यामागची माया खोटी नव्हती, आणि खरी पंचाईत तीच होती.

घरात काही सांगायचं नाही, हे नवरा-बायकोचं ठरलं. गोळ्या सुंठीच्या डब्यात गेल्या. सांजेला देवाजवळ दिवा लावून झाला की ममता डबा उघडायची, चहात सुंठ आणि तोंडात गोळी. लखनची गोळीही तिथेच. नंदुरबारच्या खेपांसाठी तिने प्रकाशाच्या महादेवाचे सोमवार धरले. देवाच्या पाया पडायची, तिथूनच नंदुरबारची गाडी पकडायची. प्रमिलाबाई शेजारणींना सांगायच्या, माझी सून फार देवभोळी. देवाला काय ते कळत असावं, तो काही बोलला नाही.

भूमिका जन्मली ती नंदुरबारच्या दवाखान्यात. प्रमिलाबाईंनी शेजारच्या कोकिळाबाईंची लेकुरवाळी सून पाजायला ठरवून ठेवली होती. ममताने कोणाची वाट न बघता पोरीला छातीशी घेतलं. घुटी उगाळून आणली तर ती नको म्हणाली. थेंबांच्या औषधाला पोर अशक्त आहे म्हणून ताकदीचं औषध दिलंय, असं नाव दिलं. दवाखान्याच्या नादी लागलेली सून म्हणून प्रमिलाबाईंनी नाक मुरडलं, पण पोर अशी बाळसं धरू लागली की त्यांना बोलायला जागा उरली नाही. टाचेतून रक्त काढून पहिली तपासणी झाली, ती चांगली आली. ममता त्या दिवशी देवळात खरोखरच्या भक्तीने टेकली.

आणि नेमक्या त्याच सुमारास धाकट्या जावेला सातवा महिना लागला होता.

धाकटी प्रतिभा. तिचा नवरा धीरज अक्कलकुव्याकडे आश्रमशाळेत मास्तर, शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. प्रतिभाला आई नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर तिथे पाणी तापवून द्यायला बाई नाही, म्हणून ते सासरीच करायचं ठरलं. ममताच्या मागे मागे फिरणारी, तिच्या ताटातला पापड उचलून खाणारी पोर. एक दिवस भूमिकाला मांडीवर घेऊन तिचे गाल कुरवाळताना ती सहज म्हणाली, "ताई, माले माय नही. मन्हा लेकरूले पहिलं दूध तुम्हनंच."

ममता हसली. दुसरं काय करणार? पण त्या दिवसापासून प्रतिभाचं पोट वाढताना बघून तिचा जीव टांगणीला लागला. तिने मनाशी बेत केला की प्रतिभाचे दिवस भरत आले की माहेरी जाऊन बसायचं, आईला बरं नाही म्हणायचं. पिशवीसुद्धा भरून ठेवली. पण प्रतिभाच्या कळा वेळेआधीच सुरू झाल्या आणि तिला शहाद्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. ममताची पिशवी खुंटीला लटकत राहिली आणि शहाद्याहून गाडी आली ती बाळाला घेऊनच.

पोरगा होता. हाडाने बारीक, रडणं मांजराच्या पिलासारखं. दवाखान्यातल्या नर्सने प्रतिभाला पाजायला लावलं होतं, तेवढंच. घरात पाऊल पडताच प्रमिलाबाईंनी सूत्रं हातात घेतली. पाहुण्या बायकांनी ओसरी भरली होती, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. सुंठीच्या डब्यासमोर तर दगूबाई ठाण मांडून बसली होती. दगूबाई म्हणजे गल्लीतलं आकाशवाणी केंद्र. तिच्या देखत तो डबा उघडायचा म्हणजे उद्या गावात पत्रकं वाटल्यासारखं. ममताने त्या सांजेला गोळी घेतली नाही. दुसऱ्या सांजेलाही तेच झालं.

त्या पहिल्याच दिवशी प्रमिलाबाईंनी बाळाला दुपट्यात गुंडाळून आणलं आणि सगळ्या बायकांसमोर ममताच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा चेहरा फुलला होता. आपली जागा त्या सुनेला देत होत्या, आणि हे त्या घरातलं मोठं मानाचं काम होतं.

"ले माय, पाज त्याले."

ममता म्हणाली, अंगात कणकण आहे. प्रमिलाबाईंनी कपाळाला हात लावून बघितलं, कपाळ थंड होतं. मग ती म्हणाली, चीक बाधत नाही आत्या, मी भूमिकाला तोच पाजला, प्रतिभालाच पाजू द्या. प्रमिलाबाई म्हणाल्या, तुझ्या वेळी मी गप्प बसले, आता नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ममताला काही सुचेना आणि तिने सगळ्यात वाईट खोटं निवडलं. म्हणाली, मला दूधच कमी झालंय, भूमिकालाच पुरत नाही.

तेवढ्यात मांडीवरचं बाळ भुकेने कळवळून रडलं. बाईच्या अंगाला खोटं बोलता येत नाही. पोराचं रडणं ऐकलं आणि ममताचा पान्हा फुटला. झंपरच्या पुढच्या भागावर दोन ओले डाग उमटले आणि बघता बघता पसरले. तिने पदर ओढला, पण ओसरीवरच्या साऱ्या बायकांनी बघितलं होतं.

"दूध नही म्हनस," प्रमिलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मंग हाई काय पानी शे?"

ममताने बाळ उचलून सासूच्या हातात दिलं आणि आत निघून गेली. मागे ओसरीवर बायकांची डोकी एकत्र आली. मग दगूबाईने निदान केलं. हिला मुलगी झाली, धाकटीला मुलगा झाला, पोटात दुखणारच. सगळ्यांना ते पटलं. असं निदान नेहमीच पटतं, त्याला पुरावा लागत नाही.

लखनला कळलं तेव्हा तो पपईच्या बागेत जाऊन बसला. ममता तिथे गेली, तर म्हणाला, आईला सांगून टाकू का? ती म्हणाली, सांगा. तो उठला, विहिरीपर्यंत गेला आणि परत आला. ममताला त्याचा राग आला, कीवही आली. सांगितलं तर काय होईल, हे तिलाही दिसत होतं. ताट वेगळं होईल. भूमिकाला कोणी कडेवर घेणार नाही. गावात कळलं तर पपईचा व्यापारीसुद्धा बांधावर उभा राहून बोलेल. निघ म्हणाले तर पोरीला घेऊन कुठे जायचं? एक दूध पाजत नाही एवढंच तर बोलतील, बोलू देत, तीन दिवस निघून जातील. तीन दिवस दात-ओठ खाऊन काढायचे, असं तिने ठरवलं.

पण ते तीन दिवस पोराच्या जिवावर बेतत होते. प्रमिलाबाई आता हट्टाला पेटल्या होत्या. घरात लेकुरवाळी सून असताना दुसऱ्या घरची आणणं म्हणजे आपल्या घराचं नाक कापून घेणं, म्हणून त्या शेळीच्या दुधात कापसाची वात भिजवून बाळाच्या ओठांना लावत होत्या. ते अर्धं गळ्यावर ओघळायचं. प्रतिभा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ममता खोलीत आली की ती डोळे मिटून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलाबाई नदीवर गेल्या, तशी ममता आत शिरली आणि दाराला कडी घातली. प्रतिभाला न विचारता तिला उशीला टेकवून बसवलं. बाळाची मान कशी धरायची, तोंड मोठं उघडल्यावरच कसं जवळ घ्यायचं, हे नंदुरबारला तिला शिकवलं होतं, तेच तिने केलं. बाळ आधी चुकलं, मग लागलं, आणि घुटकण्याचा आवाज आला. प्रतिभाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती ममताकडे बघत नव्हती. "तुम्ही काब्र नही पाजं?" का पाजलं नाही, एवढंच तिने विचारलं. ममता म्हणाली, आईचं ते आईचं, आणि बाहेर पडली. इतकं पुचाट उत्तर तिने आयुष्यात दिलं नव्हतं.

त्या दुपारी भूमिकाला पाजून ममता तशीच आडवी झाली. दोन दिवसांचा शीण होता. पोरगी शेजारी झोपली, हिचाही डोळा लागला.

तिला जाग आली ती ओढीने. भूमिकाची ओढ तिला ठाऊक होती, जोरकस आणि हक्काची. ही ओढ हलकी होती, चाचपडणारी. अर्धवट झोपेत तिने हात फिरवला तर हाताला केवढंसं डोकं लागलं. तिने डोळे उघडले. प्रमिलाबाई गुडघे टेकून बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी बाळाला तिच्या छातीशी धरून होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवून गप्प राहा अशी खूण केली. चेहऱ्यावर कपट नव्हतं, चोरून देवाला नैवेद्य दाखवावा तसं समाधान होतं.

ममताने बाळाला ओढून बाजूला केलं. त्याच्या हनुवटीवर दुधाचा ओघळ होता.

प्रमिलाबाईंनी बाळ उचललं, चार शब्द पुटपुटल्या आणि ओसरीवर गेल्या. ममता छातीवर पदर घट्ट धरून बसून राहिली. कोणाला काही कळलं नव्हतं. किती प्यायला असेल? दोन घोट. कदाचित तेवढंही नाही. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, तुझ्या रक्तातला विषाणू औषधाने इतका दबलाय की यंत्रालाही सापडत नाही. म्हणजे काही होणार नाही. गप्प बसलं तर गोष्ट इथेच संपते, उलट सासू खूश, घर खूश. पण गोळी दोन सांजा चुकली होती. आणि भूमिकाच्या वेळी समुपदेशक बाईंनी सांगितलेलं तिला आठवत होतं, बाळाचे थेंब लवकर सुरू झाले तर उपयोग, उशीर करून चालत नाही.

तिने भूमिकाकडे बघितलं. या पोरीसाठी तिने सगळी खोटी सोंगं केली होती, देवालासुद्धा त्यात ओढलं होतं. बाहेर ते दुसरं पोर रडू लागलं आणि तिचं झंपर पुन्हा ओलं झालं. ममताला स्वतःच्या अंगाचा संताप आला. ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि प्रमिलाबाईंना गोठ्यात बोलावलं.

"आत्या, मन्हा रगतमा रोग शे. एचआयव्ही. भूमिका पोटमा व्हती तव्हयच कळनं. मन्हं दूध त्याले चालत नही."

प्रमिलाबाई आधी हसल्यासारख्या झाल्या. मग विचारलं, "मंग भूमिकाले कसं चालस?" ममताने गोळ्यांचं सांगितलं, थेंबांचं सांगितलं, सुंठीचा डबा, सोमवार, सगळं सांगितलं. लखनचंही सांगितलं, कारण ते लपवून तिला आता स्वतःला एकटीला उभं करायचं नव्हतं. ऐकून झाल्यावर प्रमिलाबाईंनी गोठ्याबाहेर डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, कोणाला सांगू नको. दोनच घोट गेलेत. मी देवाला नवस बोलते. त्यांना सुनेचं झाकायचं होतं की स्वतःचं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"लेकरू प्रतिभानं शे, आत्या," ममता म्हणाली. "तिले सांगनं पडी."

प्रतिभाला तिनेच सांगितलं, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून. लांबण लावली नाही. प्रतिभाने आधी बाळ उचलून पोटाशी घेतलं, मग पाय आखडून ती पलंगाच्या पार कोपऱ्यात सरकली. जिच्या ताटातला पापड ती उचलून खायची तिच्याकडे ती आता अशी बघत होती, की ममताने आपणहून एक पाऊल मागे घेतलं.

"तुम्ही पाजं त्याले?"

आत्तापर्यंत सगळं ममताने सांगितलं होतं, एवढं एक तिला सांगायचं नव्हतं. दारात प्रमिलाबाई उभ्या होत्या. निम्मी गल्ली पाजलेली बाई, गावभर दूधलेक असलेली. पदराचं टोक त्यांनी मुठीत आवळलं होतं.

"मी लावं," त्या म्हणाल्या. "ती झोपेल व्हती."

लखनने गाडी काढली. प्रतिभा बाळाला घेऊन पुढे बसली, ओली बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेली. ममता आणि प्रमिलाबाई मागे. प्रकाशाचा पूल आला तेव्हा प्रमिलाबाईंनी सवयीने देवळाच्या दिशेने हात जोडले आणि मग चोरी पकडल्यासारखे खाली घेतले. बाळ मधे रडलं तेव्हा प्रतिभाने पदराआड त्याला स्वतः पाजलं आणि प्रमिलाबाईंनी चिकाचं नावही काढलं नाही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. दोन गोळ्या चुकल्याने आभाळ कोसळत नाही, म्हणाले, धोका अगदी थोडा आहे. पण एवढ्याशा जिवावर जुगार खेळायचा नाही. थेंब सुरू करू, नंतर तपासू. आणि ममताकडे वळून म्हणाले, तुम्ही वेळेत आलात. प्रतिभाने मान फिरवली. ज्या बाईमुळे यावं लागलं तिला वेळेत आल्याची शाबासकी मिळते, हे तिला त्या दिवशी गिळवलं नसणार, आणि ममताला त्यात तिची चूक वाटली नाही.

घरी येऊन प्रतिभाने स्वतःची ताट-वाटी वेगळी केली. ममताने समजावलं नाही. जेवणाने, कपबशीने हे लागत नाही, हे डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पण भीतीला कान नसतात. धीरज आला, त्याने सगळं ऐकलं, भावाशी दार लावून बोलला आणि बाहेर येताना त्याचे डोळे लाल होते. थोड्याच दिवसांत तो बायको-मुलाला घेऊन शहाद्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. गावाला वाटलं, थोरलीच्या दुष्टपणापायी घर फुटलं. गावाला खरं सांगायचं नाही, एवढं मात्र घरातल्या प्रत्येकाने पाळलं. प्रतिभानेही. तिने ममताशी बोलणं सोडलं, पण तिच्याबद्दल बाहेर एक शब्द काढला नाही.

त्या आठवड्यांत ममता रोज सकाळी उठली की पहिला विचार त्या पोराचा यायचा. आता थेंब दिले असतील का? उलटी करून टाकले असतील का? विचारायची सोय नव्हती. भूमिका खेळताना हसायची आणि हिला वाटायचं, आपल्या पोरीला वाचवलं आणि दुसरीच्या पोराला घालवलं तर या हसण्याचं काय करायचं? तपासणीचा निकाल प्रतिभाने तिला कळवलाच नाही. तो प्रमिलाबाईंनी आणला. शहाद्याहून बसने आल्या, पायातल्या वहाणा न काढता थेट स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, चांगला आला. मग त्यांनी सुंठीचा डबा खाली घेतला, ममताची गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तेव्हापासून सांजेची गोळी सासू देते. पाहुणे असले, ओसरी भरलेली असली, तरी देते. दगूबाई समोर बसली असेल तर तिला बाहेर काढून देते.

दीडेक वर्षाने प्रतिभाच्या मुलाचं, भाग्येशचं, जावळ काढायचं ठरलं, प्रकाशाला, तापीच्या काठी. भूमिकाची शेवटची तपासणी तोवर होऊन गेली होती. पोरगी पूर्ण मोकळी होती, कडेवरून उतरून घाटाच्या पायऱ्या चढायचा हट्ट करत होती. प्रतिभाने बोलावणं सासऱ्यांकडे पाठवलं होतं, ममताचं वेगळं नाव घेतलं नव्हतं. ममता आली आणि बायकांच्या मागे, पुऱ्यांच्या पाटीपाशी बसली.

न्हाव्याचा वस्तरा चालला होता. भाग्येश प्रतिभाच्या मांडीवर बसून गाव गोळा करत होता, आता त्याचा आवाज मांजराचा राहिला नव्हता. दगूबाईला राहवलं नाही. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, बघा, पोर कसं गब्रू झालं, आणि याच्या काकूने याला दुधाचा एक थेंब दिला नव्हता. बायका ओळखीचं हसल्या. प्रमिलाबाई तोंड उघडणार तोच प्रतिभाने मान वर केली. पोराच्या डोक्यावरचा हात तिने काढला नाही.

"मावशी, ताईनी नही पाजं," ती म्हणाली, "म्हनीसन तर मन्हा पोऱ्या आज मांडीवर बठेल शे."

दगूबाईला वाटलं, धाकटीने थोरलीला टोमणा मारला. तिने समाधानाने मान डोलावली आणि पुरीचा तुकडा मोडला. त्या घाटावर हे वाक्य तिघींनाच कळलं. त्यांतली एक ते बोलली होती. दुसरी नदीकडे बघत होती.

तिसरी ममता. दीड वर्षात प्रतिभाच्या तोंडून 'ताई' हा शब्द तिने ऐकला नव्हता. नंदुरबारच्या बाकड्यावर ती रडली नव्हती, ओसरीवर रडली नव्हती, गोठ्यातही नाही. आता पुऱ्यांच्या पाटीवर वाकून ती हमसून हमसून रडू लागली आणि तिला आवरेना. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. उशिरा का होईना, बाईला पस्तावा झाला, असं त्यांचं एकमत झालं.